डिजिटल ग्रंथालये आणि मराठी साहित्याचे दूरस्थ अध्ययन

मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेले पूर्णगड हे रत्नागिरी तालुक्यातील किल्ल्याचे आणि खाडीचे गाव होय. अशा गावी राहून मराठी साहित्याचे पदव्युत्तर अध्ययन करू पाहणाऱ्यास व्याख्यान आज घरबसल्या ऐकता येते. प्रश्न उरतो तो मूळ ग्रंथाचा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे असले, तरी एकोणिसाव्या शतकातील पहिल्या आवृत्त्या बहुधा मुंबई-पुण्याच्या संग्रहांतच पाहाव्या लागत. संहितेवाचून होणारे साहित्याध्ययन हे टिपणांचे पाठांतर ठरते. डिजिटल ग्रंथालयाच्या भूमिकेचा विचार या दृष्टीने करावयास हवा.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे उदाहरण घेता येईल. योगायोग असा की, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७ चीच. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशप्रकल्पात हा कोश, तसेच दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, शोधसुलभ स्वरूपात उपलब्ध आहे. त्यामुळे कादंबरीतील शब्दाचा तत्कालीन अर्थ समकालीन कोशातच पडताळता येतो. शब्दाला आजचा अर्थ चिकटविण्याचा दोष यामुळे टळू शकतो. ही सोय केवळ अंतर वाचविणारी नव्हे; ती अध्ययनाची पद्धतच बदलणारी आहे.

तथापि, ग्रंथाच्या पृष्ठांची छायाचित्रे आणि अक्षरांकित संहिता यांत मूलभूत भेद आहे. छायाचित्र वाचता येते, परंतु त्यात शब्द शोधता येत नाही. संहिता अक्षरांकित केली, तरी अडचण संपत नाही. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘केलें’, ‘त्यांत’ अशी सानुस्वार रूपे आढळतात. ‘केले’ असा शोध घेणाऱ्यास, प्रणालीत तशी तरतूद नसेल तर, ‘केलें’ सापडत नाही. उलट, अनुस्वार गाळून संहिता ‘शुद्ध’ केली, तर भाषेच्या इतिहासाचा पुरावाच नष्ट होतो. म्हणून मूळ लेखन जसेच्या तसे राखावे आणि शोधाच्या यंत्रणेने दोन्ही रूपे जुळवावीत, हाच मार्ग योग्य होय.

सूचीकार्याचेही महत्त्व तितकेच आहे. खरगपूरच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय प्राधान्याने निरनिराळ्या संग्रहांतील नोंदी एकत्र आणते. नोंद सदोष असेल, तर ग्रंथ असूनही नसल्यासारखाच. पूर्वीच्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’मध्ये अनेक मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत आणि चुकीच्या वर्णांतराने नोंदली गेली होती. तो प्रकल्प बंद पडल्यावर त्यातील पुष्कळ प्रती इंटरनेट आर्काइव्हवर टिकल्या. परंतु नोंदींतील दोषही त्यांच्याबरोबर गेले. एकाच ठिकाणी जतन करणे पुरेसे नाही, आणि सूचीवाचून जतनही पुरेसे नाही, हा दुहेरी धडा येथे मिळतो.

स्वामित्वहक्काची मर्यादा अर्थातच राहते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क अबाधित असतात. मालगुंडच्या केशवसुतांची (१८६६–१९०५) कविता त्यामुळे सर्वांस खुली आहे. साठोत्तरी साहित्य मात्र बव्हंशी नाही. त्यासाठी छापील ग्रंथांच्या वाचनालयास पर्याय नाही.

या परिस्थितीत मराठी विभागांनी विद्यार्थ्यांस केवळ दुवे पुरवून थांबू नये. मराठी विकिस्रोतावर पृष्ठाचे चित्र आणि अक्षरांकित संहिता शेजारी ठेवून मुद्रितशोधन करता येते. एका जुन्या ग्रंथाचे एक प्रकरण असे तपासणे, हा पाठचिकित्सेचा प्रत्यक्ष अभ्यासच आहे. तो पूर्णगडात बसूनही करता येईल, आणि त्याचे फळ पुढील प्रत्येक वाचकास मिळेल.