हात वर न करणाऱ्या मुलांसाठी

चि. ताईस,


गावाने वर्गणी काढून तुझ्या चौथीच्या वर्गाला प्रोजेक्टर दिला, हे वाचून फार आनंद झाला. ‘आता रोज काय दाखवू?’ असं तू विचारलंस. मी म्हणेन, मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते तुला कसं दिसेल, याचा विचार आधी कर.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला तेव्हा मी अपूर्णांकांवरची एक सुरेख चित्रफीत लावली. मुलं पापणी न लवता बघत होती. ‘समजलं का?’ विचारलं, तर सगळे एका सुरात ‘हो सर!’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिले आणि मोठा कोणता ते विचारलं. अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला, १/४; तीनापेक्षा चार मोठे ना! चूक माझी होती. मुलांनी फक्त पाहिलं होतं, हाताने काहीच केलं नव्हतं. मग डब्यातल्या दोन भाकऱ्या काढल्या. एक तिघांत वाटली, एक चौघांत. चौघांतल्या एकीने आपला तुकडा शेजारणीच्या तुकड्यावर ठेवून पाहिला आणि म्हणाली, ‘सर, वाटेकरी वाढले की वाटा घटतो!’ छेद म्हणजे काय, ते वर्गाला त्या दिवशी कळलं.

तेव्हा जे हातात धरता येतं, ते पडद्यावर दाखवू नकोस. पडदा ठेव ग्रहणासाठी, हृदयाच्या ठोक्यासाठी. तिथेही दोन-तीन मिनिटांनी थांब आणि ‘पुढे काय होईल?’ ते मुलांना आधी वहीत लिहू दे.

तुझ्याकडचं खरं कामाचं साधन म्हणजे तुझा मोबाइल. ‘प्लिकर्स’ नावाचं अ‍ॅप आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड मुलाने धरायचं. तू कॅमेरा वर्गावरून फिरवलास की कोणी काय उत्तर दिलं ते तुझ्या फोनवर येतं. मुलांकडे फोन लागत नाही. कार्डावरची अक्षरं बारीक असल्याने शेजाऱ्याचं बघून उत्तर देण्याची सोय नाही. जी मुलं कधीच हात वर करत नाहीत, त्यांचंही उत्तर तुला मिळतं.

वर्ग अर्धा-अर्धा विभागला गेला, तर बरोबर उत्तर लगेच सांगू नकोस. शेजाऱ्याला पटवून द्यायला सांग आणि पुन्हा कार्डं वर करायला लाव. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून हीच रीत वापरली. डी.एड.ला तू वायगॉट्स्की वाचलास. मूल आज दुसऱ्याच्या मदतीने जे करतं, ते उद्या एकट्याने करू शकतं, हे त्यांचं म्हणणं इथे तुला डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक. शिकवलेलं विसरलं जातंच. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. म्हणून रोज तास सुरू होताना कालचा एक, गेल्या आठवड्यातला एक आणि गेल्या महिन्यातला एक असे तीन प्रश्न विचार. पुस्तक मिटलेलं असू दे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र स्वतः आठवून पाहणारे पुढे गेले. या प्रश्नांना गुण देऊ नकोस. गुण आले की भीती येते, आणि मग मुलं तुझ्यापासून चुका लपवतील.

वीज गेली, रेंज गेली, तर हे सगळे प्रश्न पाटीवरही होतात. उत्तर लिहून पाटी वर धरली की झालं. त्यामुळे अडून बसू नकोस.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या वर्गाची एखादी चूक आणि तुला सापडलेलं तिचं कारण घेऊन ये. ओटीवर बसून सावकाश बोलू.

तुझा,
मामा