जात्याजवळची तस्बीह



आजची आयत : सूरह बनी इस्राईल (17), आयत 44. सातही आकाशं, पृथ्वी आणि त्यांच्यात जे जे आहे ते सगळं अल्लाहची तस्बीह करतं, पण त्यांची तस्बीह तुम्हाला समजत नाही, असा तिचा आशय आहे.

या आयतीवर बोलताना माझ्या एका मैत्रिणीने सरळ विचारलं. ती गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करते आणि घरी आजारी आईचं सगळं बघते. "सगळी सृष्टी स्तुती करतेय, मग माझ्या स्तुतीची अल्लाहला काय गरज? आणि रात्री अंग मोडून आलेलं असताना तेच शब्द 33 वेळा म्हणून माझं काय हलकं होणार?"

प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात तो असतो, फक्त आपण बोलत नाही.

आधी शब्द बघूया. 'तस्बीह' ज्या अरबी धातूपासून येतो, त्याच धातूपासून पोहण्याचा शब्दही येतो. सूर्य आणि चंद्र आपापल्या कक्षेत पोहतात, असं सूरह यासीनच्या 40व्या आयतीत सांगितलंय, तिथे हाच धातू आहे. पंचगंगेत पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. एकदा हात मारून कुणी पैलतीराला लागत नाही. तोच हात पुन्हा पुन्हा मारावा लागतो. 33 वेळा तेच का, याचं उत्तर मला इथे सापडतं.

आणि 'सुब्हानल्लाह'चा अर्थ? अल्लाह प्रत्येक उणिवेपासून मुक्त आहे, पवित्र आहे. ही खुशामत नव्हे. माणूस थकला की मन हळूच कुजबुजतं : अल्लाह विसरलाय, त्याला दिसत नाहीये, माझ्या वाट्याला त्याच्याकडे काही उरलं नाही. 'सुब्हानल्लाह' म्हणजे या तिन्ही गोष्टींना दिलेला ठाम नकार. तो नकार ऐकायची गरज त्याला नाही, आपल्याला आहे.

आता ती हदीस, जी बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. जातं ओढून ओढून हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना त्रास होत होता. प्रेषितांकडे (स.) युद्धकैदी आल्याचं कळलं, तेव्हा कामाला एखादा माणूस मिळावा म्हणून त्या गेल्या. प्रेषित (स.) भेटले नाहीत, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे निरोप ठेवून परतल्या. रात्री प्रेषित (स.) स्वतः लेकीच्या घरी आले. ती दोघं अंथरुणावर होती, उठू लागली, तर म्हणाले तिथेच राहा, आणि दोघांच्या मध्ये बसले. हजरत अली (रजि.) सांगतात, त्यांच्या पावलांचा गारवा मला छातीवर जाणवला. मग प्रेषितांनी शिकवलं : झोपताना 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. तुम्ही मागितलं त्यापेक्षा हे चांगलं आहे.

जातं दुसऱ्या दिवशीही तेवढंच जड होतं. पण ते ओढणारी एकटी नव्हती. हजरत अली (रजि.) यांनी ही तस्बीह पुढे कधीच सोडली नाही, सिफ्फीनच्या युद्धाच्या रात्रीसुद्धा नाही.

आपल्या भागाला ही गोष्ट परकी नाही. जात्यावर ओवी म्हणत देवाचं नाव घ्यायची रीत मराठी घराघरांत होती. इकडे पन्हाळा ज्या आदिलशाहीत होता, त्याच आदिलशाहीच्या विजापुरात सूफींनी दख्खनी भाषेत 'चक्कीनामे' रचले. पीठ दळताना बायांनी अल्लाहचं स्मरण करावं, म्हणून त्यांत जात्याच्या एकेका भागाला अर्थ दिला गेला. दोन्हीकडे हात कामात आणि जीभ नामात.

पण एक सांगायलाच हवं. घरातल्या बाईला "तस्बीह पढ" म्हणायचं आणि आपण मोबाईल घेऊन लोळायचं, यासाठी ही हदीस नाही. प्रेषित (स.) घरी काय करायचे, असं विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) म्हणाल्या की ते घरच्यांच्या कामात असायचे, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जायचे. जीभ अल्लाहला पवित्र म्हणतेय आणि हात मदतीला उठत नाहीत, तर ती तस्बीह अर्धीच.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं : काम हलकं होईल असं वचन मी देत नाही. पण अल्लाहने तुला सोडलंय, ही भीती घेऊन झोपू नकोस.

आजचा अमल : रात्री दिवा मालवल्यावर बोटांवर मोजत या 100 तस्बीह म्हणा. माळ नसली तरी चालेल, बोटांवर मोजणं ही प्रेषितांचीच (स.) रीत आहे. आणि झोपण्याआधी घरातलं एक काम, जे रोज दुसरं कुणी करतं, ते आज तुम्ही करा.

या अल्लाह, आमच्या जिभेला तुझी तस्बीह दे आणि आमच्या हातांना एकमेकांचं ओझं उचलायची ताकद दे. आमीन.