जवानाच्या पाठीवरचे ओझे

पलूसच्या माळावर पहाटे पोरे धावतात. त्यांना फौजेत जायचे आहे. त्यांतला एक जण पाठीवर वाळूचे पोते बांधून धावत होता. थांबला की तो लंगडत होता.

फौजेतून निवृत्त झालेले हवालदार आबा बांधावर बसले होते. त्यांनी हाक मारली, "काय रे, पाय दुखतोय का?"

"न्हाई आबा. आणि दुखतोय म्हटलं, तर भरती हुकंल."

"पोतं किती किलोचं?"

"तीस. फौजेत लई वझं असतं म्हणं."

"असतं की! बंदूक, गोळ्या, पाणी, शिधा, पांघरूण सगळं जवानाच्या अंगावर. सामान घेऊन पाच किलोमीटर धावायची परीक्षाही असायची. पण तुझं वजन किती?"

"साठ किलो."

"म्हणजे अर्धं वजन पाठीवर! लांब चालायचं तर ओझं आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बरं. लढाईत ते त्याहून जास्त होतं. म्हणून तर अंग हळूहळू तयार करायचं."

आबांनी मग नीट समजावून सांगितले. ओझे वाढले की छातीचा भाता जोरात चालतो. दम लवकर लागतो. पट्टे खांद्यात रुततात, हाताला मुंग्या येतात. पाठ वाकते.

ओझे कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. पायातले एक किलो पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतके दमवते. काळ्या रानातला चिखल चपलेला चिकटला, की आपण किती थकतो! म्हणून जड सामान पाठीला लागून बांधावे. कमरेला पट्टा आवळावा. मग खांद्यांवरचा भार कमरेवर येतो.

"आणि हाडाचं काय?" पोराने हळूच विचारले.

"प्रत्येक पावलाला नडगीला धक्का बसतो. विश्रांती मिळाली, तर हाड स्वतःला सावरतं, घट्ट होतं. एकदम भार टाकला, तर त्याला सवड मिळत नाही. केसासारखी बारीक चीर पडते. तेव्हाच थांबलं तर काही आठवड्यांत भरून येते. दुखणं लपवलं तर हाड मोडतं. मग भरती खरंच हुकते."

पोराने पोते खाली ठेवले.

"आधी मोकळं धाव. दंडबैठका काढ. आठवड्यातून एकदा थोडं ओझं घेऊन चाल, धावू नको. पुढं वजन वाढव, नाहीतर अंतर वाढव. दोन्ही एकदम नको. भाकरी, डाळ पोटभर खा. पाणी पी."

"आबा, एवढी ताकद कशाला लागती?"

"नामदेव जाधवांचं नाव ऐकलंस? मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर लढाई झाली. गोळ्यांच्या माऱ्यात त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून उचललं. खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर आणलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवानाच्या अंगावर कधी माणसाचंही ओझं येतं, बाळा. ते पेलायला पाय शाबूत पाहिजेत."

त्याच दिवशी पोरगा दवाखान्यात गेला. पोते मात्र आबांच्या दारात ठेवून गेला.

प्रश्न
१. ओझे कमरेवर का घ्यावे?
२. नडगीचे दुखणे लपवले तर काय होते?
३. तुम्ही ऊस, खत, पाणी वाहता. त्यात कोणता बदल कराल?