पथ्यपाकाचे वर्ग : वर्षाऋतूतील शाक व यूष

चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची आठ आयतने वर्णिली आहेत. त्यांपैकी प्रकृती म्हणजे द्रव्याचे स्वाभाविक गुण आणि राशी म्हणजे मात्रा, एवढी दोनच आपल्या पथ्यपत्रकावर उतरतात. ‘मूग घ्यावे, वाल टाळावेत, पालेभाजी बेताने’ असे आपण लिहून देतो. करण, अर्थात संस्कार, हे आयतन मात्र लिहून भागत नाही. ते दाखवावे लागते. मुद्गयूष सांगितलेला रुग्ण घरी जाऊन घट्ट वरण करतो, वर तिखटाची फोडणी घालतो आणि आठ दिवसांनी पोट फुगल्याची तक्रार घेऊन येतो. त्याने यूष कधी पाहिलेलेच नसते. खरे सांगायचे तर आपल्यातील किती जणांनी ते स्वतः सिद्ध केले आहे, हाही प्रश्नच आहे.

या विचाराने आम्ही चिकित्सालयाच्या मागील खोलीत ऋतुनुसार पथ्यपाकाचे वर्ग घेतो. वर्षाऋतूसाठी चार रविवार पुरतात. एका वर्गात दहा-बारा जणांहून अधिक नसावेत, कारण प्रत्येकाचा हात पातेल्यापर्यंत पोहोचला पाहिजे. रुग्णाबरोबर घरी स्वयंपाक करणारी व्यक्ती आलीच पाहिजे, हा आमचा आग्रह असतो.

पहिला रविवार केवळ ओळखीचा. कर्जत-पनवेल पट्ट्यात पावसाच्या तोंडाशी शेवळे, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी आणि नंतर करटोली बाजारात येतात. त्या घेऊन येणाऱ्या ठाकर व कातकरी भगिनींपैकी एकीला आम्ही मानधन देऊन वर्गात बोलावतो. निघंटूतील पर्याय आपण सांगावेत, पान मात्र तिने ओळखून द्यावे. चक्रमर्दाची बीजे व भारंगीचे मूळ आपल्या परिचयाचे असते; त्याच टाकळ्याचे कोवळे पान आणि भारंगीची भाजी समोर ठेवली तर पुष्कळ वैद्यही क्षणभर थबकतात! याच दिवशी एक बजावणीही करावी. याच दिवसांत कुंपणांवर लांगली म्हणजे कळलावी उगवते व तिचा कंद प्राणघातक आहे. म्हणून अनोळखी रानभाजी स्वतः खुडून आणू नये.

दुसऱ्या वर्गात विषयाचा गाभा येतो. वर्षाऋतूत अग्नी मंद आणि वायू प्रकुपित. शाके तर बहुधा गुरू, रूक्ष व विष्टंभी. मग ती द्यावीतच का, अशी शंका रुग्णही विचारतात. चरक व वाग्भट दोघेही शाक उकडून, रस पिळून टाकून, भरपूर स्नेहात सिद्ध करण्यास सांगतात. भारंगीचा कडूपणा घालविण्यासाठी रानातील बाई नेमके हेच करते, फक्त तिने ग्रंथ वाचलेला नसतो. आधुनिक आहारशास्त्र यावर आक्षेप घेते, की उकडलेले पाणी टाकल्याने क जीवनसत्त्व व फोलेट वाया जाते. आक्षेप खरा आहे आणि तो वर्गात लपवू नये. परंतु त्याच पाण्याबरोबर विद्राव्य ऑक्झलेट व पोटॅशियमही निघून जाते. अश्मरीच्या रुग्णास अळू-पालक वर्ज्य करण्यापूर्वी, तसेच वृक्करोग्यास पोटॅशियमचे पथ्य समजावताना हा मुद्दा हाताशी असावा. निरोगी, दीप्ताग्नी तरुणास प्रत्येक भाजी पिळून देण्याचे कारण नाही. करटोली तर उकडूच नयेत. जून बिया काढून काप लोखंडी कढईत तेलावर परतावेत. वॉरफरीन घेणाऱ्या रुग्णांची नोंद मात्र आधीच करून ठेवावी. के जीवनसत्त्व पाण्यात उतरत नाही, त्यामुळे पालेभाजी पिळली तरी त्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये.

अळू व शेवळे घशाला खाजतात ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. शेवळ्याच्या आतील पिवळा भाग काढून टाकून ते काकडांच्या आंबट फळांसह शिजविण्याची आणि अळूत चिंच, आमसूल वा आंबट चुका घालण्याची रीत घरोघरी आहे. वर्षाऋतूत अम्ल-लवण-स्नेहयुक्त अन्न सांगितलेच आहे, तेव्हा येथे रूढी व शास्त्र एकाच पातेल्यात नांदतात. ज्यांचे श्रावणात शाकवर्जनाचे व्रत असते त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांना यूष व पडवळ-दोडक्यासारखी फळशाके शिकवावीत.

तिसरा वर्ग यूषाचा. शार्ङ्गधरोक्त प्रमाण एक पल द्रव्यास एक प्रस्थ जल. द्रवद्वैगुण्य न धरता आम्ही सोळापट पाणी घेतो. अर्धी वाटी मुगास आठ वाट्या पाणी, मंदाग्नीवर अर्धे उरेपर्यंत आटवून गाळावे. सुंठ व पिंपळी अर्ध कर्ष, म्हणजे सुमारे ६ ग्रॅम, सांगितली आहे. वैद्याने ती घालून एकदा स्वतः चाखावे, म्हणजे पित्तप्रकृतीच्या रुग्णास किती कमी करावी हे सांगावे लागणार नाही. अकृत व कृत यूष शेजारी ठेवून चाखायला दिल्यास संस्काराचा अर्थ जिभेला कळतो. कुळीथ उष्ण व पित्तकर, म्हणून रक्तपित्ताच्या रुग्णांस त्या दिवशी मुगाचेच द्यावे.

अलीकडे दूध-तूपही सोडून केवळ वनस्पतिज आहार घेणारे तरुण या वर्गांना येतात. चौथा रविवार आम्ही त्यांच्यासाठी ठेवतो. तुपाच्या जागी तीळतेल वा ओल्या नारळाचा रस वापरून बराच पाक साधतो, जरी तुपाचे गुण तेलात येतात असे आम्ही म्हणणार नाही. बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलावे. अंबील, मोड आलेली कडधान्ये किंवा रानभाज्या यांतून ते भरवशाने मिळत नाही. अशा व्यक्तीस पूरक मात्रा घेण्यास सांगावे आणि हातापायांस मुंग्या, पांडुता वा विस्मरण असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. येथे केवळ वातव्याधी समजून तैलाभ्यंगात महिने दवडल्यास मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. वर्गानंतर रुग्ण सुंठ, पिंपळी, सैंधव, आमसूल व जुने तांदूळ मागत तुमच्याकडे येतो. ही द्रव्ये एका आठवड्याच्या लहान पुड्यांत ठेवल्यास वर्षाऋतूच्या दमट हवेत बुरशी लागण्याचा प्रश्न राहत नाही. हिंग देताना डबीवरील घटक वाचून सांगावेत. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो आणि गहू वर्ज्य असलेल्या रुग्णास तेवढाही चालत नाही.