सामन्यांचे वेळापत्रक : गणित आणि न्याय

आंतरवर्गीय कबड्डीच्या स्पर्धेत आमचा वर्ग एकदा उपांत्य फेरीत हरला. सकाळी दोन सामने खेळलेला आमचा संघ दुपारी तिसऱ्यांदा मैदानात उतरला, तो त्या दिवशी एकच सामना खेळलेल्या संघाविरुद्ध. आमच्या मुख्य चढाईपटूच्या पायांत गोळे आले होते. पंचांचा एकही निर्णय चुकला नाही, प्रतिस्पर्ध्यांनी लबाडी केली नाही. तरीही अन्याय झाल्याची रुखरुख मनात राहिली. पुढे जिमखाना समितीवर काम करताना उलगडा झाला. तो अन्याय मैदानावर झालाच नव्हता. आदल्या दिवशी सूचनाफलकावर लागलेल्या कागदात तो लिहिलेला होता.

वेळापत्रक म्हणजे केवळ तारखा आणि वेळा, असे आपण समजतो. वास्तविक वेळापत्रक विश्रांतीची वाटणी करीत असते. ही वाटणी समान कशी करावी, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम बाद पद्धत पाहू. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरतो. म्हणून एकूण सामने संघांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असतात. ११ संघ असतील तर १० सामने. परंतु फेऱ्या नीट जुळण्यासाठी संघसंख्या २, ४, ८, १६ अशी दुपटीच्या श्रेणीत असावी लागते. ११ नंतरची अशी संख्या १६, फरक ५. म्हणून पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल द्यावी लागते. उरलेल्या सहा संघांचे तीन सामने होतात आणि दुसऱ्या फेरीत आठ संघ येतात. पुढे चाल मिळालेले संघ एकाच बाजूला गोळा होऊ नयेत, म्हणून वरच्या अर्ध्या भागातील सहा संघांपैकी दोघांना आणि खालच्या भागातील पाचांपैकी तिघांना ती द्यावी.

आता या गणितातली मेख पाहा. पुढे चाल मिळालेला संघ तीन सामने जिंकून विजेता होतो. इतरांना चार जिंकावे लागतात. हा फरक टाळता येत नाही, पण त्याची झळ कमी करता येते. पहिली फेरी आदल्या दिवशी उरकावी. ते अशक्य असल्यास पहिल्या फेरीत खेळलेल्या संघांना दुसऱ्या फेरीत सर्वांत उशिराची वेळ द्यावी. आमच्या वेळी यांतले काहीच केले गेले नाही.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. संघसंख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून निम्मे केले, की सामन्यांची संख्या मिळते. ६ संघांचे १५ सामने होतात. ११ संघांचे तब्बल ५५. मांडणी सोपी आहे. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ६, ५, ४ लिहा. समोरासमोरचे संघ पहिल्या फेरीत खेळतील. मग १ जागच्या जागी ठेवून बाकीचे आकडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर सरकवा. पाच फेऱ्यांत सर्व जोड्या पूर्ण होतात. संघ विषम असतील तर एक रिकामे घर धरावे. त्याच्यासमोर येणारा संघ त्या फेरीत विश्रांती घेतो. अशा रीतीने विश्रांतीही पाळीपाळीने सर्वांना मिळते.

साखळीतही वेळेला महत्त्व असते. १९८२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत अल्जीरियाने आपला शेवटचा साखळी सामना २४ जूनला जिंकला. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया मैदानात उतरले, तेव्हा कोणत्या निकालाने दोघेही पुढे जातील हे दोघांनाही ठाऊक होते. जर्मनीने लवकर एक गोल केला आणि उरलेला खेळ जवळजवळ थंडावला. अल्जीरिया स्पर्धेबाहेर गेला. खेळाचा कोणताही नियम मोडलेला नव्हता. बदलावे लागले ते वेळापत्रक. १९८६ पासून गटातील शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

सामन्यांइतकाच सरावाचाही विचार हवा. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ पासून सरावाच्या तासांना मर्यादा घातली. हंगामात दिवसाला ४ व आठवड्याला २० तास, आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर आठवड्याला ८ तास. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासांचा धरायचा. नेहमीच्या सरावासाठी तास बुडवायचा नाही. खेळाडू हा प्रथम विद्यार्थी आहे, ही भूमिका यामागे आहे. मात्र या नियमालाही पळवाट फुटली. ‘ऐच्छिक’ सराव मोजला जात नाही आणि संघात जागा टिकवायची असेल तर ऐच्छिक सरावाला ‘नाही’ म्हणण्याची हिंमत फार थोड्यांत असते. हा अनुभव आपल्यालाही अगदीच परका नाही.

आपल्याकडे वर्षाचे गणित आणखी अवघड आहे. जूनमध्ये वर्ग भरतात तेव्हा मैदानात चिखल असतो. मैदान वाळते तोवर परीक्षा दाराशी येते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि त्यापुढची विद्यापीठाची निवड याच चिंचोळ्या पट्टीत बसवावी लागते. हजेरीचा प्रश्न असतोच.

म्हणून माझ्या मते चार नियम प्रत्येक जिमखान्याने फलकावर लावावेत. परीक्षेचे वेळापत्रक आधी, सामन्यांचे नंतर. कोणत्याही संघाला एका दिवशी दोहोंपेक्षा अधिक सामने नकोत आणि दोहोंमध्ये पुरेशी विश्रांती हवी. चिठ्ठ्या सर्व कर्णधारांच्या समक्ष टाकाव्यात. सरावाचे तास, ऐच्छिक धरून, वहीत लिहावेत.

हे नियम पाळले तरी कोणीतरी हरणारच. खेळात ते असायचेच. परंतु हरलेल्या खेळाडूला घरी जाताना ‘ते आमच्याहून चांगले खेळले’ असे म्हणता आले पाहिजे. आम्हांला त्या दिवशी ते म्हणता आले नाही. आणि जिंकलेल्या संघालाही, मला वाटते, ते मनापासून म्हणता आले नसावे.