एका कोयत्यात माणसं किती?



इयत्ता आठवी ते दहावीच्या मुलांना ‘कुटुंबाचे अर्थशास्त्र’ शिकवायचं म्हटलं की आपण बहुधा अंदाजपत्रकाचा तक्ता काढतो. एकूण उत्पन्न, किराणा, शिक्षण, औषधपाणी, बचत. तक्ता चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते, ती म्हणजे घर हा एकच माणूस आहे, त्याचा खिसा एक आणि इच्छाही एक. कमावतो कोण, पैसा हातात कोणाच्या पडतो आणि थकतं कोण, हे प्रश्न त्या तक्त्यात बसत नाहीत. गेली पन्नासेक वर्षं अर्थशास्त्रज्ञ नेमके हेच प्रश्न विचारत आहेत. ते शिकवायला परदेशातलं उदाहरण शोधायची गरज नाही. आपल्या खान्देशातलाच एक शब्द पुरेसा आहे: कोयता.

साक्री, शिरपूर, चाळीसगाव, पारोळा या भागांतल्या शिक्षकांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की गावातल्या काही घरांना कुलूप लागतं. कोणी आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर जातं, कोणी तापीच्या कडेकडेने खाली सुरत-बारडोलीकडे. परत येणं होतं ते आखाजीच्या आसपास. मुकादम टोळी बांधतो तेव्हा ‘किती माणसं?’ असं विचारत नाही, ‘किती कोयते?’ असं विचारतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे हत्याराच्या नावाने मोजलेलं हे एक अख्खं कुटुंब असतं.

या विषयावरचा सर्वात महत्त्वाचा अभ्यास एका डच समाजशास्त्रज्ञाने केला आणि त्यातली माणसं आपली होती. यान ब्रेमन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दक्षिण गुजरातेत शेतमजुरांचा अभ्यास करत होते. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसावर राबणाऱ्या मजुरांविषयी त्यांचा लेख १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच ऊस आणि मजूर या दोघांच्या गाळपाचा उल्लेख होता. ते मजूर मुख्यतः खान्देशातून, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातून, नेलेले होते. (नंदुरबार १९९८ साली वेगळा झाला, त्यामुळे जुन्या अभ्यासात ‘धुळे’ वाचलं की आजचे दोन जिल्हे समजायचे.)

ब्रेमन यांना पडलेला प्रश्न साधाच होता. बारडोलीच्या गावागावांत भूमिहीन हळपती मजूर कामाच्या शोधात बसलेले असताना शेकडो किलोमीटरवरून माणसं आणायची कशाला? त्यांचं उत्तर असं, की परक्या मुलखातला मजूर ताब्यात राहतो. त्याला रात्री-अपरात्री फडात बोलावता येतं. त्याचं घरदार जवळ नाही, नातलग नाहीत, कामावरून उठून जायला जागा नाही. हंगाम संपला की तो आपोआप निघून जातो, त्याच्या पावसाळ्याची जबाबदारी कोणावरच पडत नाही. वर हातात आधीच घेतलेली उचल. ‘बाहेरचे मजूर जास्त कष्टाळू असतात’ असं आपण सहज बोलून जातो. त्या कष्टाळूपणामागे हे सगळं उभं असतं.

आता उचलीकडे वळू, कारण गणित इथेच आहे. उचल म्हणजे पावसाळ्यात किंवा हंगामाच्या तोंडावर मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती नंतर ऊस तोडून फेडायची. पोरीचं लग्न, दवाखाना, कोरडवाहू रानाला बी-बियाणं, नाहीतर नुसतं दोन महिने पोट भरणं, अशा कारणांसाठी ती घेतली जाते. बँक दारात उभी करत नाही, तिथे मुकादम घरी येऊन पैसे देतो. कर्ज आणि मजुरी हे दोन वेगळे व्यवहार इथे एकाच गाठीत बांधले जातात. ज्याच्याकडून कर्ज, त्याच्याकडेच काम, त्याच्याच दराने. त्यामुळे दर पटला नाही तर दुसरीकडे जायची सोय उरत नाही.

मुलांना फळ्यावर हे गणित घालून बघा. आकडे सोपे धरलेत, दर वर्षागणिक आणि ठिकाणागणिक बदलतात. समजा, तोडणी-भरणीचा दर टनाला ३५० रुपये. एक कोयता दिवसाला २ टन तोडतो, म्हणजे ७०० रुपये. हंगाम १२० दिवसांचा, म्हणजे ८४,००० रुपये. उचल घेतली होती ८०,०००. मुलं लगेच म्हणतील, ४,००० उरले! आता त्यांना ‘खाडा’ सांगा. कामाला दांडी पडली की त्या दिवसाची कमाई तर जातेच, वर मुकादम दंडही लावतो. समजा खाड्याला ५०० रुपये दंड आणि हंगामात ५ खाडे पडले. कमाई झाली ११५ दिवसांची, ८०,५००. त्यातून २,५०० दंड वजा, उरले ७८,०००. उचल ८०,०००. म्हणजे अख्खा हंगाम ऊस तोडून घरी येताना जोडी २,००० रुपये देणं लागते. ही बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं हे त्या बाकीनेच ठरतं.

मग दुसरा प्रश्न. ७०० रुपयांत बाईचे किती? निम्मे म्हणू, ३५०. फडातले तास बारा धरले तर तासाला २९ रुपये पडतात. पण हे ३५० तिला कोणी दिलेलेच नाहीत. उचल घेतली नवऱ्याने, अंगठा किंवा सही त्याची, हिशोब त्याच्याशी. शिवाय फडावर जाण्याआधी पहाटे उठून कोपीसमोर चूल पेटवणं, पाणी आणणं, भाकरी थापणं, धाकट्याला पाजणं. हे तीन-चार तास कोणत्याच हिशोबात नाहीत. हे फक्त ऊसतोडीतच घडतं असं कोणी समजू नये. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं होती, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६.

याच्या शेजारी आपल्याकडची कापूस वेचणी ठेवून बघा. वेचणी किलोवर असते. संध्याकाळी प्रत्येक बाईचं गाठोडं वेगळं तोललं जातं, तिच्या नावाने मांडलं जातं. मजुरी कमीच, पाठ मोडते ती मोडतेच. पण किती किलो वेचले हे तिला स्वतःला ठाऊक असतं आणि पैसे तिच्या हातात पडतात. फडात मोळी बांधणाऱ्या बाईचं गाठोडं असं कधी वेगळं तोललं जात नाही. बाई तीच, गाव तेच, कधी कधी घरही तेच. मोजण्याची पद्धत बदलली की घरातली तिची जागा बदलते, हे मुलांना या एका तुलनेतून जितकं कळतं तितकं व्याख्येतून कळत नाही.

पैसा कोणाच्या हातात पडतो याने खरंच फरक पडतो का? यावरचा एस्थर डुफ्लो यांचा २००३ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत त्या आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी होते.) दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीय वृद्धांची पेन्शन एकदम वाढली. ती आजीला मिळत होती त्या घरातल्या नातींचं उंचीच्या मानाने वजन सुधारलेलं दिसलं. आजोबांना मिळाली त्या घरांत तसा परिणाम आढळला नाही. २०२४ पासून आपल्याकडे ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये बाईच्या खात्यात येऊ लागले, त्यावर पारावर रोज वाद होतात. त्या योजनेच्या राजकारणात मी शिरत नाही. पण ‘घरात आले ना पैसे, कोणाच्या का नावाने’ हे वाक्य कोणी टाकलं, तर या नातींची आठवण करून द्यावी.

कोयत्याच्या हिशोबाचे आरोग्यावरचे परिणाम सांगताना जपून बोलावं लागतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे साधारण सहापैकी एकीची. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, म्हणून थेट भागाकार करून मोकळं होऊ नये. सगळा दोष खाड्यावर टाकणंही बरोबर नाही. कमी वयातलं लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडावर आडोसा आणि पाणी नसणं, घाईने शस्त्रक्रिया सुचवणारे खासगी दवाखाने, असं बरंच काही त्यात आहे. तरीही पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर दंड, हा हिशोब त्या बाईच्या डोक्यात नसेल असं मानणं कठीण आहे.

लग्नाच्या वयाचंही तसंच. अर्ध्या कोयत्याला उचल कमी आणि टोळीत जागा मिळणं अवघड. पोरगं वयात आलं की जोडी पूर्ण करण्याची घाई त्यातून होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी १८ च्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं, धुळे जिल्ह्यात सुमारे ४०. हे सगळं ऊसतोडीमुळे घडतं असा दावा कोणी करू शकणार नाही. स्थलांतर, शाळा लांब असणं, पोरीला एकटं मागे ठेवायची भीती, ही सगळी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पण आपल्या वर्गातल्या नववीच्या पोरीचं नाव दिवाळीनंतर हजेरीत नुसतं उरतं, तेव्हा घरात हीच गणितं मांडली गेलेली असतात.

मग या घरांना गावातच काम मिळालं तर? महाराष्ट्राने हा प्रयोग देशाच्या आधी केला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात तो लहान प्रमाणात सुरू झाला, १९७२ च्या दुष्काळाने त्याला राज्यभर नेलं आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्यासाठी लागणारा पैसा उभारायला १९७५ साली शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. होय, आपल्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तोच हा कर. वर्षाला २,५०० रुपयांची ही कपात बघून आपण नाक मुरडतो, पण तिचा उगम दुष्काळातल्या खडी फोडणाऱ्या बायकांपाशी आहे, हे स्टाफरूममध्ये फार कमी जणांना माहीत असतं.

रोहयोने गरिबाला नक्की किती मिळतं हे शोधताना गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी सोलापूरचं शिरापूर आणि अकोल्याचं कान्झरा या दोन गावांची माहिती तपासली. माणूस रोहयोवर गेला तेव्हा त्याने दुसरं काही काम सोडलंच असेल, मग सोडलेली ती कमाई वजा नको का करायला? वजा केली. ती मजुरीच्या साधारण पाव भरली. म्हणजे शंभर रुपयांतले पाऊणशे खरोखर नवे. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने यात आणखी काही घातलं: काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत, लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश महिला, सहा वर्षांखालची पाच मुलं असतील तिथे त्यांना सांभाळायला एक बाई. उसाच्या फडाच्या बांधावर उसाच्या वाढ्यांच्या सावलीत निजवलेलं पोर ज्यांनी पाहिलंय त्यांना या शेवटच्या कलमाची किंमत कळेल. मात्र हमीची मजुरी काम झाल्यावर मिळते, तीही उशिराने, आणि उचल कामाआधी मिळते. श्रावणात घरात दाणा नसलेल्या माणसासाठी हा फरक सगळ्यात मोठा असतो. हमीचं काम असूनही टोळ्या का निघतात, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

वर्गात करून घेण्यासारखं एक काम सांगतो. मुलांना घरच्या प्रत्येक माणसाचा एका दिवसाचा तासांचा तक्ता करायला द्या, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत. दोन रकाने ठेवा: काम काय आणि पैसे कोणाच्या हातात आले. मजुरी-धंद्याचं नाव विचारू नका, तोंडी वाचूनही घेऊ नका. कोणाच्या घरची परिस्थिती वर्गासमोर उघडी पडायला नको. आकडे एकत्र करून वर्गाची सरासरी तेवढी फळ्यावर काढा.

आणि शाळेसाठी एक. स्थलांतराची यादी दिवाळीच्या सुट्टीनंतर करून उपयोग नाही, तोवर टोळ्या गेलेल्या असतात. सप्टेंबरमध्ये घरोघर जाऊन कोण जाणार, पोर आजीपाशी राहू शकेल का, हंगामी वसतिगृहाची सोय गावात लागते का, हे विचारावं लागतं. जे पोर जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यावं. पोहोचल्या ठिकाणच्या शाळेला दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही, आणि दाखला मागितला तर मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो ताबडतोब द्यायचा असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम हेच सांगतं आणि तो कायदा गुजरातेतही लागू आहे. भाषा तिथली वेगळी, हे खरं. म्हणून पोराच्या दप्तरात मराठीची दोन पुस्तकं आणि शिक्षकाचा फोन नंबर लिहिलेली वही घालून द्यावी, आणि जानेवारीत एकदा आपणहून फोन करावा.