वादळाची बारा चित्रं

वादळावर मालिका करायचं मनावर घेतलंस, ते छान केलंस. पण फोनवर तू जी यादी वाचलीस (उसळती लाट, कलंडलेली होडी, वीज, मोडलेला माड) ती ऐकून मी गप्प बसले, त्याचं कारण आता सविस्तर लिहिते. बोलण्यात मी भरकटते आणि तू मध्येच तोडतेस.

ती यादी कॅलेंडरची आहे गं. प्रत्येक चित्रात काहीतरी घडतंय आणि कुठल्याच चित्रात हवा नाही. बघणाऱ्याच्या छातीवर दडपण येतं ते हवेचं, होडीचं नव्हे. तेव्हा आधी यादी फाड आणि एक जागा ठरव. आमचे मास्तर सांगायचे, मालिकेत एक गोष्ट खुंटीला बांधून ठेवावी, म्हणजे दुसरी मोकळी सोडता येते. मोने यांनी रूआंच्या चर्चचा दर्शनी भाग 1892 आणि 1893 साली पुन्हापुन्हा रंगवला. दगड तोच, ऊन वेगळं. 1895 मध्ये त्यातली 20 चित्रं एकत्र मांडली, तेव्हा लोकांनी चर्च नव्हे, ऊन पाहिलं.

तुझी खुंटी म्हणजे आपलं घर. पुढच्या पडवीतून खाडीचं तोंड आणि समुद्र दिसतो, मागच्या दारातून डोंगर. दोन्ही तुला लागणार आहेत, कारण वादळ दर वेळी एकाच बाजूने येत नाही. रोहिणीतला वळीव दुपार कलल्यावर घाटावर शिजतो आणि तिथून खाली उतरतो. मृगापासून पाऊस समुद्रावरून चढतो. हस्तात पुन्हा घाटाकडून. शहरातल्या चित्रकारांचा इथे हमखास घोळ होतो, सगळी वादळं ते समुद्रावरच काढतात. हस्ताच्या संध्याकाळी समुद्राकडे पाठ कर. मागे पश्चिमेचं ऊन, समोर सह्याद्रीवर निळाजांभळा ढग, आणि मध्ये पिवळं पडत चाललेलं भात त्या काळोखापुढे पेटल्यासारखं दिसतं. मृगातल्या सकाळी याच्या उलट. सूर्य डोंगराकडून, जमीन उजळ, आणि समुद्रावर ढगाची भिंत. उजेड कुठून येतो ते पक्कं नसेल तर कितीही काळा रंग ओत, वादळ दिसणार नाही.

विषयाचा दोरा म्हणून नक्षत्रं घे. रोहिणी ते स्वाती, बारा नक्षत्रं, बारा कागद. रोहिणी 25 मेच्या सुमाराला लागते, मृग 7-8 जूनला, आणि पुढचं प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवसांचं. प्रत्येकात तीन-चार चित्रं कर आणि एक ठेव. एखादं कोरडं गेलं तर कोरडंच काढ. पुष्याला म्हातारा पाऊस म्हणतात, त्यात वारा मंद, सगळं करडं आणि कुंद, दिवसचे दिवस तेच. तुला वाटेल यात वादळ कुठे आहे. पण अशी दोन-तीन दमलेली चित्रं मध्ये असली तरच हस्ताचा गडगडाट ऐकू येतो. आणि हो, ऐन आषाढ-श्रावणाच्या झडीत वीज काढू नकोस. आपल्याकडे विजा मोसमाच्या दोन टोकांना, वळवात आणि परतीच्या पावसात. गावातली माणसं प्रदर्शनाला आली तर तीच पहिली हसतील.

आता रंग. तुझ्या पेटीतला काळा काढून ठेव, पेन्स ग्रेसुद्धा. तो वाईट नाही, पण सोपा आहे, आणि बारा चित्रांत सोपा करडा रंग मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दोघांतच सगळं वादळ आहे. निळा जास्त घातलास तर पावसाने भरलेला ढग, सिएना जास्त घातलास तर वळवाच्या आधीची धुळकट हवा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, त्याने ढगाला आपोआप पोत येतो. जांभळट हवं असेल तिथे ब्रशच्या टोकावर इंडियन रेड. समुद्राला प्रशियन ब्लू आणि तोच सिएना, त्यातून काळपट हिरवा निघतो, पावसाळ्यात गढूळ झालेल्या खाडीचा. उजेडासाठी येलो ऑकर. एवढ्या पाच ट्यूबांवर बाराही चित्रं कर. रंग मोजके असले की चित्रं आपसूक एकमेकांची भावंडं दिसतात.

जलरंग वाळल्यावर फिका पडतो, हे तुला इंटरमिजिएटपासून माहीत आहे, तरी तू घाबरत रंग लावतेस. वादळी आभाळाचा पहिला वॉश ओला असताना नको इतका गडद वाटायला हवा. मग वर पुन्हा थर देऊ नकोस, चिखल होतो. अख्ख्या चित्रात सगळ्यांत गडद जागा एकच आणि सगळ्यांत उजळ जागा एकच, आणि त्या दोन्ही शक्यतो शेजारी. कागदाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने तीनच छटांत ते बघून घे. तिथे जमलं नाही तर मोठ्या कागदावर मुळीच जमत नाही.

कागदाचं मात्र फार जपावं लागेल. तुझा पुण्यातला अनुभव इथे चालायचा नाही. 300 ग्रॅमचा कॉटन कागद घे, त्याखालचा नको. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने कागदावरचं सरसाचं अस्तर मरतं आणि तो टिपकागदासारखा रंग पितो. वर पिवळे ठिपके पडतात ते बुरशीचे. म्हणून एकदम गठ्ठा आणू नकोस, थोडा थोडा आण. प्लास्टिकमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह पत्र्याच्या ट्रंकेत ठेव. काम सुरू करण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. तो फुगून उभा राहिला तर कागद जिवंत आहे.

मेमध्ये वॉश बघताबघता वाळतो, तेव्हा पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाक. जुलैत तो वाळतच नाही, आणि तिथे तुझी घाई नडेल. कागद चकाकत असतो तोवर ढग ढगात मिसळू दे. चकाकी गेली पण हाताला गार लागतो, अशा वेळी ब्रश अजिबात लावायचा नाही, नाहीतर कोबीच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. उठ, चहा कर. लांबवर कोसळणाऱ्या पावसाचे पडदे मात्र चकाकी जाता जाताच काढायचे. रुंद चपटा ब्रश जवळजवळ कोरडा करून ढगाच्या पोटातून तिरका खाली ओढ आणि बोर्ड त्याच बाजूला कलता कर.

पांढऱ्या पेनाने पावसाच्या रेघा ओढणारे लोक मला आवडत नाहीत. रेघच हवी असेल तर हिरोशिगे यांचं 1857 सालचं पुलावरच्या अवचित सरीचं ठोकळाचित्र बघ. काळ्या बारीक रेघांचे दोन संच, एकमेकांशी किंचित वेगळ्या कोनात, आणि वरच्या कडेला काळ्या ढगाची एक पट्टी. माणसं छत्री घेऊन वाकली आहेत, तेवढीच. आपल्या पहाडी चित्रांत वीज सोन्याच्या नागमोडी रेघेने काढायचे, आणि काळ्या ढगापुढून पांढऱ्या बगळ्यांची माळ जाते. बगळे घे. पांढरा कागद राखून घे, चायनीज व्हाइटने नको. वीज अख्ख्या मालिकेत एकदाच, तीही रेघ म्हणून नव्हे, ढग आतून उजळला म्हणून.

बाहेर बसून वादळ पुरं होत नाही. ऐवाझोव्स्की समुद्राची ती प्रचंड चित्रं खोलीत बसून आठवणीने काढायचे, वारा आणि लाट ब्रशला थांबून बसत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पण आठवण भरायला बाहेर जावंच लागतं. कॉन्स्टेबल यांनी 1821-22 साली हॅम्पस्टेडच्या टेकाडावर ढगांचे छोटे छोटे अभ्यास केले आणि पाठीमागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. तूही लिही. शिवाय उधाण होतं की भांग, हेही टीप. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी खाडी तुडुंब असते आणि तिचा रंगच वेगळा असतो. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नकोस. तो काळ्या ढगाला उजळवतो, नाहीतर जमीन काळी करून टाकतो. दोन्हीकडून चित्राचा जीव जातो.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोज. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. मोजणी तीस सेकंदांच्या आत आली की बोर्ड उचलून घरात ये. माडाखाली उभं राहू नकोस, छत्री उघडू नकोस, आणि उधाणाला खडकावर तर नाहीच.

एक अवघड गोष्ट. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, म्हणजे रोहिणीतच. तुझ्या रोहिणीच्या कागदावर लोक ते शोधणार. मोडलेले माड काढलेस तर ते कुणाच्या तरी पंचवीस वर्षांच्या बागायतीचं नुकसान आहे, हे विसरू नकोस. मला विचारशील तर वादळानंतरची सुपारीची वाडी काढ. जिथे दिवसाढवळ्या सावली असायची तिथे वरचं छप्पर गेल्यामुळे भगभगीत ऊन पडलेलं. एवढ्या उजेडाचं चित्र मालिकेत दुसरं कुठलंच नसेल, म्हणून ते दचकवेल. फयान चक्रीवादळाचा मोह मात्र सोड. ते 11 नोव्हेंबर 2009 ला आलं, स्वाती संपल्यानंतर. तुझ्या बारांत त्याला जागा नाही.

मांडणीचं थोडक्यात. सगळे कागद एकाच मापाचे, 11 बाय 15 इंच. क्षितिज दर वेळी खालून एक चतुर्थांशावरच ठेव, म्हणजे ओळीने टांगल्यावर ती एकच रेघ भिंतभर धावते. माउंट पांढराशुभ्र नको, किंचित पिवळट. गडद चित्रावर साधी काच लावली की त्याचा आरसा होतो आणि बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं, तेव्हा न चकाकणारी काच परवडत नसेल तर निदान खिडकीसमोरची भिंत घेऊ नकोस. नावं नक्षत्रांची, बाकी काही नाही. ‘आक्रोश’, ‘तांडव’ असलं खाली लिहिलेलं दिसलं तर मी उद्घाटनाला यायची नाही.

आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी येऊन वाडीतल्या उन्हाचं तेवढं एक चित्र मागेल. लाल टिकली लाव, पैसे घे, पण प्रदर्शन उतरेपर्यंत भिंतीवरून काढू देऊ नकोस.